आधी वस्तू, मग कप्पा : छोट्या ट्रेलरमधली कपाटं बदलताना

ट्रेलरमधल्या एकाही कपाटाला करवत लावण्याआधी मी दोन महिने फक्त वही भरली. आमचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, लहान आहे. आतून ४.६ मीटर लांब, २.०५ मीटर रुंद, एकाच ॲक्सलचा (चाकांच्या एकाच जोडीचा). त्यात मी, नवरा आणि वर्षातले काही आठवडे सासूबाई. कपाटं मोजली तर नऊ भरत होती, तरी रोज रात्री अंथरूण घालताना कुणाची तरी पिशवी सिंकमध्ये ठेवावी लागायची. कारखान्यात कपाट बनतं तेव्हा त्यात काय जाणार हे बनवणाऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून तो मोठा पोकळ खोका करतो आणि त्याला दार लावतो. आपल्याला मात्र आपली प्रत्येक वस्तू ठाऊक असते. त्या माहितीवरच कपाट बांधायचं.

वहीत चार रकाने होते : वस्तू, तिची मापं, वजन आणि दिवसातून किती वेळा हात लागतो. वजनासाठी प्रवासी बॅगा तोलायचा हुकाचा काटा पुरतो. वस्तू जशी ठेवणार तशीच मोजायची. पातेलं झाकणासकट, दोर गुंडाळून, चादरी घडी करून. माझं सगळ्यात मोठं पातेलं २४० मिमी व्यासाचं, पण कानांसकट ३१०. सिंकखालचं कपाट आतून ४३० मिमी रुंद होतं, दाराची चौकट मात्र २९०. त्यामुळे ते पातेलं दर वेळी तिरकं करून आत घालावं लागे आणि मागचं सगळं त्याच्याआड अडकून बसे. चार वर्षं मी त्या कपाटाला लहान म्हणत होते. लहान होतं ते त्याचं तोंड. तेव्हापासून कुठल्याही कपाटाचं मी आधी तोंड मोजते, पोट नंतर.

दोन महिन्यांनी वहीत १४३ वस्तू झाल्या आणि त्यांतल्या ३८ वस्तूंसमोर एकही खूण नव्हती. अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी, चाक बदलायचं सामान अशा वस्तूंना हात न लागणं चांगलंच, त्या ठेवल्या. बाकीच्या घरी परत गेल्या. उरलेल्यांचे तीन गट पडले : रोजच्या, आठवड्यातून एकदोनदा लागणाऱ्या आणि क्वचितच्या. रोजच्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात, म्हणजे आमच्याकडे जमिनीपासून ७५० ते १४०० मिमीच्या दरम्यान. सासूबाईंचा उजवा खांदा वर जात नाही. त्यांना लागणारी एकही वस्तू १३०० मिमीच्या वर ठेवायची नाही, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं आणि पुढचे बरेच निर्णय त्या ओळीने घेतले.

वजनाचा हिशेब

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण इथेच चूक महागात पडते. ट्रेलरच्या पाटीवर किंवा कागदपत्रांत भरलेल्या ट्रेलरचं कमाल वजन दिलेलं असतं. त्यातून रिकाम्याचं वजन वजा केलं की तुमच्या सामानाला किती जागा आहे ते कळतं. आमचं कमाल १३०० किलो, रिकाम्याचं १०५५. उरले २४५. पाण्याची टाकी ७० लिटरची, म्हणजे भरली की ७० किलो. बॅटरी, गॅसची टाकी, बाहेर लावायचं कापडी छप्पर आणि टेकूचे जॅक यांचे आणखी ६० किलो. आपल्या हातात राहतात फक्त ११५. नवीन कपाटांचं प्रत्येक किलो या ११५ मधून जातं.

म्हणून फळी निवडताना आधी तिचं वजन बघा. १२ मिमीचं बर्च प्लायवुड एका चौरस मीटरला साधारण ८ किलो भरतं. त्याच जाडीचं एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी) ९ च्या आसपास. पॉप्लरचं हलकं प्लाय साडेपाच किलोच्या जवळपास. मी चौकटी हलक्या, सरळ रेषांच्या लाकडाच्या २० बाय ४० मिमी पट्ट्यांच्या केल्या, बाजूंना ६ मिमी आणि जिथे स्क्रू घट्ट धरायला हवेत तिथेच १२ मिमी पॉप्लर प्लाय वापरलं. काढलेली प्रत्येक जुनी फळी काट्यावर तोलली, लावलेली प्रत्येक नवी तोलली. निघाले ३४.२ किलो, आत गेले २९.६. आतल्या आडव्या-उभ्या भिंतींना मोठ्या खिडक्या कापल्या त्याचा यात मोठा वाटा आहे. फळीच्या कडेने ५० मिमीची चौकट राहिली तरी तिचं काम होतं, मधला भाग बहुतेक वेळा नुसता ओझं असतो.

किती वजन यापेक्षा कुठे, हे रस्त्यावर जास्त जाणवतं. जड वस्तू खाली आणि ॲक्सलच्या जवळ, किंचित पुढे. मागच्या टोकाला जड कपाट केलं तर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि वेग वाढला की ते हलणं आवरत नाही. दोन्ही टोकांना सारखं वजन ठेवून तोल साधता येतो असं वाटतं, पण टोकांना वजन असलेला ट्रेलर एकदा डोलायला लागला की थांबायला वेळ घेतो. ट्रेलरच्या पुढच्या, गाडीला जोडायच्या दांड्यावर किती भार यावा याचे संकेत वेगवेगळे आहेत. उत्तर अमेरिकेत भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के धरतात, युरोपात त्याहून कमी. आपल्या ट्रेलरच्या आणि ओढणाऱ्या गाडीच्या पाटीवर जो आकडा असेल तोच पाळायचा.

हा भार घरच्या वजनकाट्यावर मोजता येतो. भक्कम फळीचं एक टोक विटेवरच्या गोल दांडीवर टेकवा, दुसऱ्या टोकाखाली तशीच दांडी ठेवून ती काट्यावर. दोन दांड्यांमधलं अंतर ९० सेंमी. आधी नुसत्या फळीचं वजन बघून घ्या. मग ट्रेलर सपाट उभा करून, चाकांना अडण्या लावून, ट्रेलरचा पुढचा दांडा विटेकडच्या दांडीपासून ३० सेंमीवर टेकवा. काट्यावरच्या आकड्यातून फळीचा भार वजा करून तिनाने गुणा. कपाटं बदलण्याआधी एकदा आणि सामान भरून झाल्यावर एकदा, असं दोनदा मी हे केलं. पहिल्यांदा ८८ किलो होते, नंतर ९३. आमच्या मर्यादेत होते म्हणून जिवाला स्वस्थता आली.

भिंतीच्या आत काय आहे

मोडतोड सुरू करण्याआधी बाहेरची वीज काढा, बॅटरीच्या तारा सोडवा, गॅस बंद करा. मग प्रत्येक कपाटाच्या पाठीचा, तळाचा आणि कोपऱ्यांचा मापपट्टी ठेवून फोटो घ्या. १२ व्होल्टच्या तारा, पाण्याच्या नळ्या, हीटरची हवा नेणारी नळी हे सगळं कपाटांच्या पाठीमागून जातं. चार्जरला आणि फ्यूजच्या पेटीला हवा लागते आणि हातही पोचावा लागतो. हीटर जिथून हवा आत ओढतो ती जाळी झाकायची नाही. गॅसगळती कळवणारं यंत्र खाली असतं कारण प्रोपेन (टाकीतला गॅस) हवेपेक्षा जवळजवळ दीडपट जड आहे. त्याच्यासमोर खण किंवा गादी आली तर ते असून नसल्यासारखं. आणीबाणीत बाहेर पडायची खिडकी तर मोकळी राहिलीच पाहिजे.

जुन्या, लाकडी सांगाड्याच्या ट्रेलरमध्ये आणखी एक गोष्ट असते. डोक्यावरची कपाटं भिंत आणि छत यांना एकमेकांशी बांधून ठेवतात. ती पूर्ण उखडली तर ट्रेलर वळणावर कुरकुरायला लागतो. मी वरच्या कपाटांचा सांगाडा तसाच ठेवला. फक्त दारं, कप्पे आणि खालची फळी बदलली.

भिंत स्वतः पातळ असते. आमची सगळी मिळून ३२ मिमी : आतलं ३ मिमी प्लाय, लाकडी पट्ट्या व त्यांच्यामधला फोम, बाहेरचा पत्रा. पट्ट्या कुठे आहेत ते शोधायला छोटं लोहचुंबक प्लायवरून फिरवत न्यायचं. जिथे चिकटेल तिथे स्क्रू किंवा पिना आहेत, म्हणजे मागे पट्टी आहे. तिथे कागदी टेप लावून खूण करा. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला चुंबक चिकटत नाही, पण त्यातल्या लोखंडी स्क्रूंना चिकटतं, त्यामुळे युक्ती बहुतेक वेळा चालते.

स्क्रूची लांबी आधी कागदावर काढा. माझी आधाराची पट्टी १२ मिमी, आतलं प्लाय ३, सांगाड्यात १५ शिरायला हवा, म्हणून ३० मिमी स्क्रू. एका दुपारी माझ्या धाकट्या भावाने चुकून शेजारच्या डब्यातला ५० मिमीचा उचलला आणि तो बाहेरच्या पत्र्यातून निघाला. त्या एका भोकाने पावसाचं पाणी आत शिरलं असतं आणि सहा महिन्यांनी पट्टी कुजल्यावर आम्हाला कळलं असतं. लगेच स्क्रू काढला, दोन्ही बाजूंनी लवचिक सीलंट भरला आणि बाहेरून पत्र्याची टिकली बसवली. त्या दिवसापासून काम चालू असताना एका वेळी एकाच मापाच्या स्क्रूंचा डबा ट्रेलरमध्ये येतो. ड्रिलच्या बिटलाही खोलीच्या मापावर टेप गुंडाळलेली असते. छतात वरच्या दिशेने एकही भोक पाडू नका.

जिथे पट्टी सापडत नाही, नुसता फोम आहे, तिथे स्क्रूवर विसंबू नये. १२ मिमी प्लायची ८० मिमी रुंद, शक्य तितकी लांब पट्टी पॉलियुरेथेन गोंदाने भिंतीला पसरून चिकटवा, आधी दोन्ही पृष्ठभाग खरवडून पुसून घ्या आणि सुकेपर्यंत समोरच्या भिंतीपासून काठ्यांचा दाब देऊन ठेवा. मग त्या पट्टीला कपाट. भार भिंतीच्या मोठ्या भागावर पसरतो आणि गोंदात थोडी लवचिकता असल्याने हादरे सोसतो.

पुठ्ठ्याचं कपाट

प्लाय आणण्याआधी मी सगळी कपाटं पुठ्ठ्याची केली. खोके फाडले, टेपने जोडले, दारंसुद्धा पुठ्ठ्याची, टेपच्याच बिजागरीवर. त्यांच्यासोबत चार दिवस राहिलो. दुसऱ्या दिवशी कळलं की सिंकखालचं दार उघडलं की बसलेल्या नवऱ्याच्या गुडघ्याला लागतं. तिसऱ्या दिवशी पलंगाखालच्या खणाची खरी अडचण समोर आली. मी ७०० मिमी लांबीचा खण आखला होता आणि मधली वाट ६२० मिमी. तो पूर्ण उघडलाच नसता! कागदावर हे दिसत नव्हतं, कारण कागदावर मी फक्त बंद खण काढला होता. शेवटी ५०० मिमीचा खण केला. त्याच्यामागे उरलेल्या जागेला वरून, गादीखालून उघडणारं झाकण दिलं आणि तिथे क्वचितच्या वस्तू गेल्या. जो कप्पा पूर्ण उघडत नाही त्यातल्या मागच्या वस्तू कुणी वापरत नाही, हे माझं ठाम मत आहे.

वळणदार भिंतीचा आकार उतरवायलाही पुठ्ठाच. भिंतीपासून बोटभर अंतरावर बसेल असा पुठ्ठा अंदाजाने कापून टेपने पक्का करा. मग ३० मिमी रुंदीचा छोटा ठोकळा भिंतीला टेकवून सरकवत न्या आणि त्याच्या दुसऱ्या कडेने पुठ्ठ्यावर पेन्सिल ओढा. पुठ्ठा प्लायवर ठेवून तीच रेघ पुन्हा त्याच ठोकळ्याने ३० मिमी बाहेर नेली की भिंतीचा आकार मिळतो. रेघेच्या एक मिमी बाहेरून कापा आणि उरलेलं कानशीने घासून बसवा.

पाणसळीवर इथे फार भरवसा नको. ट्रेलर उभाच जरासा कलता असतो आणि त्याची जमीन व भिंती एकमेकींशी काटकोनात असतीलच असं नाही. मी आधी ट्रेलर जॅकवर सपाट केला, तरी मापं जमिनीपासूनच घेतली, आणि प्रत्येक रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजली. पलंगाशेजारच्या कोनाड्यात तिन्हींत ९ मिमीचा फरक होता. अशा वेळी सगळ्यात लहान माप धरून चौकोनी खोका करायचा आणि उरलेली फट पुढून पट्टीने झाकायची.

दार की खण

कमरेखाली खण, कमरेवर दार, असा माझा ढोबळ नियम आहे. खालच्या खोल कपाटात डोकं घालून शोधावं लागतं. खण सगळं सामान उजेडात आणून ठेवतो. पण खण वजन वाढवतो आणि रुंदी खातो. बाजूला लावायच्या नेहमीच्या चॅनलला (खण ज्यावर सरकतो त्या लोखंडी पट्टीला) प्रत्येक बाजूला १२.७ मिमी लागतात. माझी चौकट ४१२ मिमीची होती, म्हणून खण ३८६ चा केला. एक मिमीच्या आसपास ढिलाई ठेवली तर हिवाळ्यात-पावसाळ्यात अडत नाही.

भांड्यांच्या खणांना आत गेल्यावर अडकणारे, कुलूपवाले चॅनल लावले. साधे चॅनल वळणावर उघडतात, मग खण वाटेत येऊन आदळतो. कपड्यांच्या खणांना मी लोखंडी चॅनल दिलेच नाहीत. लाकडी धावपट्ट्या, वर मेणबत्ती घासलेली, आणि बोटींच्या कॅबिनमध्ये असते तशी खाच. खणाच्या दोन्ही बाजूच्या फळ्यांना खालच्या कडेला, पुढच्या फळीच्या लगेच मागे १० मिमी खोल खाच पाडायची. आतल्या धावपट्ट्या चौकटीच्या खालच्या आडव्या पट्टीच्या माथ्यापेक्षा १० मिमी खाली बसवायच्या. खण आत गेला की खाच त्या पट्टीवर उतरते आणि खण तिथेच अडकतो. उघडताना आधी उचलायचा, मग ओढायचा. त्यासाठी खणाच्या वर १३ मिमी मोकळी जागा सोडावी लागते आणि ती पुढच्या फळीने झाकली जाईल इतकी फळी उंच ठेवायची. यात मोडण्यासारखं काहीच नाही. भरलेला खण सात-आठ किलोंवर गेला तर उचलायला त्रास होतो, म्हणून कपड्यांपुरतंच.

खणाचा तळ खिळ्यांनी खालून ठोकू नका. चारही फळ्यांना आतून ६ मिमी खोबणी पाडून तळ त्यात सरकवा आणि गोंद लावा. रस्त्याचा प्रत्येक धक्का तळावर येतो. आमच्या मूळ खणांचे तळ पिनांवर होते आणि तीन तळ एकाच वर्षात सुटले. सगळ्या सांध्यांना गोंद आणि स्क्रू दोन्ही हवेत : स्क्रू सांधा आवळून धरतो, भार मात्र गोंद पेलतो. ४ मिमी स्क्रूला आधी अडीच ते तीन मिमीचं भोक पाडलं की पातळ पट्टी चिरत नाही.

एमडीएफ आणि भुश्शाच्या फळ्या मी वापरल्या नाहीत. ओल लागली की त्या फुगतात आणि एकदा निसटलेला स्क्रू पुन्हा धरत नाहीत. दुसरं कारण हवेचं. फळ्यांमधल्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड हा अपायकारक वायू निघतो आणि ट्रेलरमधली हवा थोडी असते. २००५ मध्ये अमेरिकेत कतरिना चक्रीवादळात घरं गेलेल्यांना जे ट्रेलर राहायला दिले, त्यांतल्या हवेत फॉर्मल्डिहाइडचं प्रमाण जास्त आढळलं होतं आणि माणसं त्यात महिनोन्‌महिने राहत होती. प्लाय घेताना कमी उत्सर्जनाचा शिक्का बघा, कापलेल्या सगळ्या कडा पाण्यावर आधारित वॉर्निशने बंद करा आणि काम झाल्यावर आठवडाभर दारं-खिडक्या उघड्या ठेवून मगच आत झोपा.

खिट्या आणि स्ट्रट

चुंबकाचा कॅच घरात ठीक आहे. ट्रेलरच्या दाराला आतून वस्तू धडका देतात आणि चुंबक तेवढं धरत नाही. मी दाबून उघडायच्या बटणाच्या खिट्या लावल्या. बटण आत असलं की खिटी अडकलेली आणि बाहेर आलेलं असलं की सुटलेली, त्यामुळे निघण्याआधी वाटेत उभं राहून एका नजरेत सगळी दारं तपासता येतात. घेताना ती किती जाडीच्या दाराला बसते ते बघा. माझी खिटी १५ मिमीच्या वरच्या दारांसाठी होती आणि दारं १२ ची. मागे ४ मिमी प्लायचा छोटा तुकडा चिकटवून जाडी भरून काढली. प्रत्येक दार बसवल्यावर परीक्षा घ्या : दोन किलो वाळूची पिशवी आत ठेवून बाजूने आतून दारावर फेका. जे दार दहा वेळा टिकलं ते टिकलं.

डोक्यावरची दारं वर उघडणारी आहेत. त्यांना गॅसचे स्ट्रट (उघडलेलं दार वर धरून ठेवणाऱ्या, आत दाबलेला वायू असलेल्या नळ्या) लावतात आणि इथे मी पहिल्यांदा चुकले. मोठं दार, मोठा स्ट्रट, असा विचार करून ८० न्यूटनचे दोन लावले. दार पातळ होतं. बिजागरीचे स्क्रू दुसऱ्याच आठवड्यात उपटले. मग शांतपणे हिशेब केला. दार ९०० बाय ३२० मिमीचं, वजन २.२ किलो. त्याचा भार बिजागरीपासून निम्म्या अंतरावर, म्हणजे ०.१६ मीटरवर येतो. २.२ गुणिले ९.८ गुणिले ०.१६ केले की ३.४५ न्यूटन-मीटर. दार आडवं उघडलेलं असताना स्ट्रटची रेघ बिजागरीपासून काटकोनात ०.०६५ मीटरवर होती. भागाकार ५३. म्हणजे ६० न्यूटनचा एकच स्ट्रट पुरेसा होता. दार बंद असताना स्ट्रटची बारीक दांडी खालच्या बाजूला राहील असा बसवा, आतलं तेल सीलवर राहतं आणि तो जास्त टिकतो. स्ट्रट असला तरी खिटी हवीच.

दारांचं वजन कमी करायला मी तीन दारांच्या चौकटींत प्लायऐवजी विणलेली वेताची जाळी बसवली. वजन निम्म्याने उतरलं आणि आत हवा खेळायला लागली.

आतली मांडणी

मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे काम. ताटल्या एकावर एक ठेवल्या की रस्ताभर खणखणतात. त्या उभ्या ठेवायच्या, दोन ताटल्यांमध्ये १२ मिमी जाडीची लाकडी दांडकी, तळाला जाड लोकरी कापड. पेल्यांसाठी ६ मिमी प्लायच्या फळीला पेल्याच्या कमरेच्या मापाची भोकं पाडली. आमचे पेले बुडाशी ६४ आणि काठाशी ८० मिमी आहेत, म्हणून भोकं ७२ ची. पेला निम्मा उतरून बसतो आणि शेजारच्याला टेकत नाही. ही फळी सुटी आहे, पेले बदलले तर फळी बदलता येईल.

लांब कप्पे वाकतात. ९०० मिमीचा ६ मिमी कप्पा मधोमध चांगलाच झोळ खातो. त्याला पुढच्या कडेला ४० मिमी उंचीची पट्टी उभी चिकटवली की झोळ जवळजवळ जातो, कारण फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाने वाढतो आणि उभी पट्टी म्हणजे त्या जागी ४० मिमीची जाडी. तीच पट्टी वस्तूंना पुढे घसरू देत नाही. मधोमध बोटं जातील एवढी खोलगट कापली की वस्तू काढणंही सोपं. एक पट्टी दोन कामं करते याचं मला अजून अप्रूप वाटतं.

कप्पा वस्तूपेक्षा फार मोठा ठेवू नका. चारी बाजूंनी बोट जाईल एवढी जागा, म्हणजे १५ ते २० मिमी, बास. रिकाम्या जागेत वस्तू वेग घेते आणि मग आदळते. जिथे सामान कमी-जास्त होतं तिथे मऊ पिशव्या भरून ठेवा किंवा आडवी लवचिक दोरी बांधा.

ओल

बाहेरची भिंत थंड असते आणि आपल्या श्वासाची वाफ कपाटाच्या मागे जाऊन पाणी होते. पहिल्या थंडीत आमच्या कोपऱ्यातल्या कपाटात चादरींच्या मागच्या कडांना काळे ठिपके आले होते. आता सामान आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये २० मिमी पट्ट्यांची जाळी आहे आणि प्रत्येक बंद कपाटाला खाली आणि वर ३० मिमीची दोन-दोन भोकं. हवा खालून शिरते, वरून निघते. पलंगाखालची सलग फळी काढून ५० मिमीच्या पट्ट्या ४० मिमी अंतराने टाकल्या, त्यामुळे गादीचा तळही कोरडा राहतो.

रस्त्यावरची तपासणी

सामान भरण्याआधी रिकाम्या कपाटांनी १० किलोमीटर फिरून या आणि सगळ्यांनी ओढणाऱ्या गाडीतच बसावं, ट्रेलरमध्ये नाही. परत आल्यावर दारं-खण बघा. मग भरून पुन्हा. मी प्रत्येक सांध्यावर पेन्सिलची एक बारीक आडवी रेघ मारली होती, अर्धी चौकटीवर, अर्धी शेजारच्या फळीवर. १०० किलोमीटरनंतर रेघा बघितल्या. सिंकजवळच्या कपाटाची वरची बिजागरी दीड मिमी सरकली होती, बाकी सगळ्या रेघा जागच्या जागी. त्या बिजागरीचे स्क्रू काढले, भोकांत गोंद लावलेल्या लाकडी काड्या ठोकल्या, सुकल्यावर कडेला सपाट कापल्या आणि नवं भोक पाडून स्क्रू परत लावले. पुढच्या ३०० किलोमीटरनंतर ती रेघही जुळलेली होती.

प्रत्येक दाराच्या आतल्या बाजूला मी पेन्सिलने दोन आकडे लिहिले आहेत : त्या कपाटात जास्तीत जास्त किती किलो ठेवायचं आणि आत्ता किती आहे. डोक्यावरच्या कपाटांना ४, पलंगाखालच्या खणांना ९, ॲक्सलच्या वरच्या कपाटाला १८. दुसरा आकडा बदलला की खोडून नवा लिहायचा. सासूबाई आल्या की त्यांच्या कप्प्याचा आकडा त्या स्वतः लिहितात, १२५० मिमीवर, डाव्या हाताला.